एकशे पंच्याऐंशी नंबर

"नाव लिहू नगंस," शालन खाडे म्हणाल्या. "बाकी काय इचारायचं ते इचार."

मिरज स्टँडच्या बायकांच्या खोलीत बाकावर आम्ही दोघीच होतो. दुपारचे अडीच वाजले होते आणि त्यांची पुढची फेरी तीनची होती. अंगात कंडक्टरचा खाकी पोशाख, तिकिटांची चामडी पिशवी पोटावर ओढून घेतलेली.

"दिवसभरात पाणी किती पिता?" मी कागदावरचा चौथा प्रश्न विचारला.

"सकाळी सहाला घोटभर चा. मग डायरेक दोनला. मधी थेंब न्हाय."

"तहान नाही लागत?"

"लागती की. पन पानी प्यालं आन गाडी खड्ड्यात आपटली की संपलं." त्यांनी एकदा दाराकडं बघून घेतलं. "धाकटी झाली तवापासनं हाय. खोकलं तरी हुतंय, शिंकलं तरी हुतंय, हसलं तरी हुतंय. म्हनून मी गाडीत हसतच न्हाय. पॅशिंजर म्हनत्यात, ही बाई खडूस हाय."

"मग काय वापरता?"

"जुन्या लुगड्याच्या घड्या. ही पिशवी हाय म्हनून म्होरनं झाकतंय. मागचं देवाच्या हवाली."

मी मान खाली घालून लिहीत राहिले. सगळे प्रश्न झाल्यावर फोन नंबर मागितला, तशा त्या सावध झाल्या.

"नंबर कशाला पायजे?"

"माल तयार झाला की कळवायला."

त्यांनी पिशवी आणखी जवळ ओढली. मग एकेक आकडा सावकाश सांगितला. "फकस्त तुला देतीया."

"दुसऱ्या कुणाला नाही जाणार," मी म्हणाले. "शब्द देते."

याला आता नऊ वर्षं झाली. तो शब्द मी किती सहज दिला होता, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी शैलजा कोष्टी. मिरजेत घरीच शिवणाचे क्लास घेत होते. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायला शिकवत होते. शिवता शिवता बायका बोलतात. त्यातूनच मला कळलं होतं, की लघवी गळण्याचा त्रास घरटी एकीला तरी आहे आणि त्याबद्दल घरटी एकही बोलत नाही. मी एक चड्डी तयार केली होती. आतून सुती कापडाचे पाच थर, मध्ये पाणी धरणारं अस्तर, धुऊन पुन्हा वापरता येईल अशी. क्लासमधल्या दोघीतिघींना दिली. त्यांनी हळूच आणखी मागितल्या.

त्याच दिवसांत माझ्या नणंदेचा मुलगा प्रसन्न पुण्याहून परत आला. एमबीए झालेला, गोड बोलणारा. त्याला ती चड्डी दिसली, तो तर उडालाच.

"मामी, ही दुकानात विकायची वस्तूच नाही. काउंटरवर उभं राहून कोण मागणार? हे ऑनलाइनच विकायला पाहिजे. घरपोच, गुपचूप." मग बोट वर करून म्हणाला, "पण आधी टार्गेट मार्केट. आपलं गिऱ्हाईक कोण, तिला काय पाहिजे, ती कशाला घाबरते, हे कळल्याशिवाय एक टाकासुद्धा घालायचा नाही."

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं. आजही मी तेच म्हणेन. त्याने एकोणीस प्रश्नांचा छापील अर्ज करून आणला. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत दोन ओळी होत्या. मला वाटलं, छापखान्याचं नाव असेल.

चार महिने मी हिंडले. शाळांमधून गेले, दवाखान्यांच्या बाहेर बसले, द्राक्षबागेत डबे सुटायच्या वेळेला गेले. काय काय ऐकलं! मगदूम बाई, हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. सहा वर्षं त्यांनी फिक्या रंगाची साडी नेसली नव्हती. एक नर्स दुसऱ्यांना याच त्रासावर सल्ला द्यायची आणि स्वतः कापड बांधून ड्यूटी करायची. मालगावची अश्विनी माळी सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. ती माहेरी आरगला आली असताना भेटली. प्रश्न अर्ध्यावर असतानाच रडायला लागली. म्हणाली, "ताई, मला वाटायचं मला एकटीलाच आहे."

मी घरात बसून जे शिवलं होतं, ते या बायकांनी सगळं मोडीत काढलं. मी पांढऱ्या रंगाची शिवत होते. त्यांना गडद पाहिजे होती. मी नाडी लावली होती. बागेत काम करणारी म्हणाली, हात मातीचे असतात, नाडी सोडू कधी? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती दोरीवर वाळत घातली तर सासूला, जावेला, शेजारणीला काही वेगळं आहे हे कळता कामा नये. हे मला कधीच सुचलं नसतं. मी आतले थर सुटे केले, वेगळे वाळतील असे. एकशे शहाऐंशी अर्ज भरले तेव्हा माझ्या हातात खरी वस्तू होती.

नावं मी लिहिलीच नव्हती. नंबर वेगळ्या वहीत होते, अर्जाच्या क्रमांकासमोर. प्रसन्न म्हणाला, "वही पण दे मामी. जुळवून संगणकावर घेतो. उद्या हेच आपले पहिले ग्राहक." मला जरा खटकलं होतं. पण घरातला मुलगा. दिली.

तीन आठवड्यांनी मगदूम बाईंचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता.

"शैलजा, तू कुणाला सांगितलंस?"

"काय झालं बाई?"

"मधल्या सुट्टीत फोन आला. मी पेपर तपासत होते, हात गुंतले होते म्हणून स्पीकरवर टाकला. बाई म्हणाली, नमस्कार मॅडम, तुम्हाला लघवी गळण्याचा त्रास आहे ना, आमच्याकडे दुर्बिणीतून ऑपरेशनवर सवलत आहे." मग म्हणाल्या, "स्टाफरूममध्ये अकरा जण होते, शैलजा. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं."



आठ दिवसांत एकेक करून कळत गेलं. एका खासगी हॉस्पिटलातून सगळ्यांना फोन चालले होते. कुणाचा फोन नवऱ्याने उचलला, कुणाचा मुलाने. डेपोत शालन खाडेंचा फोन चार्जिंगला लावलेला असताना दुसऱ्या कंडक्टरने घेतला आणि त्या दिवसापासून त्यांचं नाव 'गळकी गाडी' पडलं. अश्विनीचा फोन तिच्या सासूने घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माहेरी पोचवण्यात आलं. लेकरं ठेवून घेतली.

मी आणि आमचे हे, दोघं सांगलीला नणंदेच्या घरी गेलो. प्रसन्न सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता.

"तू नंबर दिलेस?" मी दारातूनच विचारलं.

"बस तरी मामी."

"दिलेस का?"

"शेअर केले," तो म्हणाला. "हॉस्पिटल आपलं पार्टनर आहे. ते आपल्या वेबसाइटला सपोर्ट करणार. आणि वाईट काय झालं? त्या बायकांना त्रास आहेच ना? त्यांना उपचार मिळतील."

"मी त्यांना शब्द दिला होता."

"तू दिला असशील. अर्जावर काय लिहिलंय बघ." त्याने एक अर्ज काढून त्या इंग्रजी ओळींवर बोट ठेवलं. "ही माहिती सहयोगी संस्थांना दिली जाऊ शकते. स्वच्छ लिहिलंय. वाचायचं असतं, मामी."

"इंग्रजीत? बागेत काम करणाऱ्या बाईने हे वाचायचं होतं?"

"कायदेशीर फॉरमॅट तसाच असतो."

"एक पोरगी घराबाहेर पडली तुझ्या फॉरमॅटमुळे! दोन लेकरं तिकडं आणि ही इकडं!"

"तो तिच्या घरच्यांचा मागासलेपणा. त्याला मी काय करू?"

तेवढ्यात नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "वहिनी, आवाज खाली. शेजारीपाजारी ऐकतात." मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "आणि मी म्हणते, असल्या गोष्टी त्या बायकांनी सांगाव्यातच कशाला? चांगल्या घरची बाई परक्या बाईपुढं असलं बोलते होय?"

माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं होतं. ते मी गिळलं. मान खाली घातली. ते वाक्य कोणतं, हे पुढं सांगते.

परतताना हे म्हणाले, "सोड आता. बहिणीचा मुलगा आहे, घरातल्या घरात मिटवू." 

दुसऱ्या दिवशी मी त्या हॉस्पिटलात गेले. काचेच्या दारामागं टापटीप मुलगी बसली होती. तिने हसून सांगितलं, "मॅडम, नंबर एकदा सिस्टिममध्ये आला की आम्हाला काढता येत नाही. तुम्ही ऑनलाइन तक्रार करा." मी विचारलं, तक्रारीत काय लिहू. ती म्हणाली, "आधी तुमचा मोबाईल नंबर टाका, मग फॉर्म उघडतो." मी तशीच बाहेर आले.

मग मी शालनबाईंना शोधत गेले. त्या लिंगनूरच्या गाडीवर होत्या. मी चढले, मागच्या सीटवर बसले. त्या तिकिटं देत देत माझ्यापर्यंत आल्या.

"कुठलं देऊ?"

"शालनबाई, मला बोलायचंय तुमच्याशी."

"तिकीट कुठलं देऊ म्हनलं."

"शेवटचं."

त्यांनी तिकीट फाडून हातात दिलं आणि पुढं गेल्या. ड्रायव्हरने आरशातून बघत काहीतरी म्हटलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली, ड्रायव्हर चहाला उतरला, तेव्हा त्या माझ्या पुढच्या सीटवर येऊन आडव्या बसल्या.

"बोल."

मी सगळं सांगितलं. प्रसन्न, वही, इंग्रजी ओळी, हॉस्पिटल, अश्विनी आणि तिची सासरी राहिलेली लेकरं. मी फसले, मला माहीत नव्हतं, हे मी तीनदा तरी म्हणाले असेन. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुला बी हाय नव्हं हा तरास?" त्यांनी एकदम विचारलं.

मी हातातलं तिकीट दुमडलं.

"स्टँडवर तू बाकड्याच्या कडंला बसली हुतीस, पायावर पाय घट्ट आवळून. मला कळतंय त्ये बसनं. चौदा वरसं तसंच बसतीया मी."

"आहे," मी म्हणाले. "मुलगी झाली तेव्हापासून."

"घरी म्हाईत हाय?"

"नाही. ह्यांनासुद्धा नाही."

"मग तुला फोन आला का हास्पिटलाचा?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून नाही जमलं. "पहिला अर्ज मीच भरला होता, स्वतःचा. एक नंबरचा. पण वहीत त्याच्यासमोर फोन नंबर लिहिला नाही."

अर्ज एकशे शहाऐंशी होते. वहीत नंबर एकशे पंच्याऐंशी. प्रसन्नवर मी आठ दिवस जळत होते, त्याला मनातल्या मनात शंभर शिव्या दिल्या होत्या. पण माझ्या हाताला ते आधीच ठाऊक होतं. नंबर कुठंही जाऊ शकतो हे ठाऊक होतं, म्हणून तर मी माझा लिहिला नव्हता. बाकी सगळ्यांचे लिहून घेतले.

शालनबाई शिव्या देतील, थोबाडीत मारतील असं वाटलं. मारली असती तर मी खाल्ली असती. त्या उठल्या, खिडकीबाहेर पानाची पिंक टाकल्यासारखं थुंकल्या आणि म्हणाल्या, "त्या पोरीची लेकरं सासरी हाईत म्हनालीस न्हवं? कुठल्या गावात?"

"मालगाव."

"रव्वारी माजी सुट्टी हाय."

रविवारी सकाळी आम्ही तिघी गेलो. मगदूम बाईंना मी फक्त कळवलं होतं. त्या आपण होऊन स्टँडवर आल्या. माळ्यांचं घर रस्त्याला लागूनच होतं. अश्विनीचे सासरे बाजेवर पेपर वाचत होते. सासू दारात आली. नवरा, सुशांत, मोटारसायकल पुसत होता. तो उठून भिंतीला टेकून उभा राहिला. मी ओळख सांगितली.

"तूच व्हय ती अर्ज घिऊन फिरनारी?" सासू कडाडली. "आमची अब्रू येशीला टांगलीस. आन त्या पोरीनं आमाला फसवलं. लगनाआधीपासनं आसनार तिला."

"बाळंतपणाने होतं ते, मावशी," मगदूम बाई शांतपणे म्हणाल्या. "मलाही आहे. मी तीस वर्षं शाळेत शिकवते."

"माज्या चार झाल्या. मला न्हाय झालं."

"मला झालं," शालनबाई म्हणाल्या. "मी यष्टीत कंडक्टर हाय. डेपोतली गडीमानसं मला गळकी म्हनत्यात. म्हनू द्यात. मी काय चोरी केली न्हाय."

सासरे पेपरमागून म्हणाले, "बायकांनी असलं बोलायला लाज वाटत न्हाय?"

नणंदेच्या घरी गिळलेलं वाक्य पुन्हा तोंडाशी आलं. यावेळी मी ते गिळलं नाही.

"मलाही आहे," मी म्हणाले. "अठरा वर्षं. माझ्या नवऱ्याला माहीत नाही, आज घरी जाऊन सांगणार आहे. आणि लाजेचं विचारता, तर सांगा. तुमच्या घरी एका परक्या माणसाने फोन करून तुमच्या सुनेच्या शरीराबद्दल विचारलं. त्याला तुम्ही एक शब्द बोललात? माझ्या भाच्याने नंबर विकून टाकले, त्याला जाब विचारायला कुणी आलं? मी त्या पोरीला खोटा शब्द दिला, मला कुणी दारात उभं करून विचारलं? सगळ्यांना सोडून तुम्हाला तीच सापडली? दुखणं तिचं, फसवणूक तिची, आणि शिक्षा पण तिलाच?"

आवाज चढला होता. समोरच्या घरातल्या बायका ओट्यावर आल्या होत्या. एरवी मी मेले असते. त्या दिवशी वाटलं, ऐका.

सासूचा चेहरा दगडासारखा होता. "असल्या बाईनं देवघरात कसं जावं, त्ये सांगा आधी," ती म्हणाली. "जावा तुमी." आणि आत निघून गेली. सासऱ्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला.

काही झालं नाही. तिघी जणी एवढ्या लांब गेलो, जे उभ्या जन्मात बोललो नव्हतो ते भर अंगणात बोललो, आणि दार बंद झालं. रस्त्यावर आल्यावर मगदूम बाईंनी डोळे पुसले. शालनबाई पाण्याची बाटली काढून घटाघटा प्यायल्या.

त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "अठरा वर्षं?" मग सांगलीला बहिणीला फोन लावला आणि म्हणाले, प्रसन्न आमच्या घरी येऊन शैलजाची आणि त्या बायकांच्या घरी जाऊन त्यांची माफी मागेपर्यंत त्याचं तोंड मला दाखवू नकोस. नणंदेचं आणि आमचं जाणंयेणं तेव्हापासून तुटलं आहे. प्रसन्नने माफी मागितली नाही. त्याची वेबसाइटही निघाली नाही, पण त्या हॉस्पिटलने त्याला मार्केटिंगमध्ये मोठ्या जागेवर घेतलं. आता मुंबईत असतो. बाजार समजतो म्हणून त्याला भाषणं द्यायला बोलावतात, असं ऐकते.

मी उरलेल्या सगळ्या बायकांच्या दारी गेले. दोन महिने लागले. एकवीस जणींनी दार उघडलं नाही. माल मी विकायला काढला तो पुढच्या वर्षी, माझ्या मुलीने करून दिलेल्या वेबसाइटवरून. शालनबाईंनी पहिल्या सहा घेतल्या, डेपोत सगळ्यांसमोर पुडकं फोडून. त्या दिवसानंतर गळकी म्हणायचं थांबलं, असं त्या सांगतात.

पण मालगावचं एक सांगायचं राहिलं. आम्ही परतीच्या गाडीची वाट बघत थांब्यावर उभ्या होतो, तेव्हा सुशांत मोटारसायकलवरून मागून आला. गाडी बंद केली, पण उतरला नाही.

"ताई," तो म्हणाला. मघापासून त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. "अश्विनीचा जुना नंबर बंद लागतोय."

"हो. तिने नवीन कार्ड घेतलंय."

"तुमच्याकडं हाय तो?"

होता. तिने दोन दिवसांपूर्वीच त्यावरून मला फोन केला होता आणि रडत रडत विचारलं होतं, ताई, माल तयार झाला का?

"आहे," मी म्हणाले.

त्याने खिशातून मोबाईल काढला. "सांगा."

शालनबाई माझ्याकडं बघत होत्या.

"नाही सांगणार," मी म्हणाले. "आरगला तिच्या बापाचं घर तुला माहीत आहे. लेकरांना पुढं बसव, जा, आणि दारात उभा राहून तूच माग."

त्याने मोबाईल खिशात घातला. मग गाडीला किक मारली आणि वळून घराकडं गेला. आमची गाडी यायला अजून अर्धा तास होता. ती यायच्या आधी तो आमच्या समोरून आरगच्या रस्त्याला लागला. टाकीवर थोरला, मागं कमरेला ओढणीने बांधलेली धाकटी.